ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आणि इस्लाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडलेडला आमच्याकडे भारतातून पाहुणे आले की मी त्यांना लिटल गिल्बर्ट स्ट्रीटवरची जुनी मशीद दाखवायला नेतो. गल्लीच्या टोकाला चार मिनार दिसतात आणि पाहुणे बुचकळ्यात पडतात. १८८८-८९ मध्ये बांधलेली मशीद ऑस्ट्रेलियात कशी, इथून सुरुवात होते. मग मी उंटवाल्यांची गोष्ट सांगतो, त्यांच्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी, बायकामुलांची सांगतो, आणि घरी परतेपर्यंत गाडीत प्रश्न थांबत नाहीत. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली.

ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांमध्ये खरंच मुसलमान आहेत? किती?

आहेत, पण थोडे. २०११ च्या जनगणनेत १,१४० ॲबोरिजिनल लोकांनी आपला धर्म इस्लाम असल्याचं नोंदवलं. आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाची ही लोकसंख्या. २००१ च्या तुलनेत मात्र आकडा जवळपास दुप्पट झाला होता आणि त्यामुळे वर्तमानपत्रांत त्यावर लेख येऊ लागले. इथल्या जनगणनेत धर्माच्या प्रश्नाचं उत्तर देणं ऐच्छिक असतं, हेही ध्यानात ठेवायला हवं.

बाकीच्या मूळ रहिवाशांपैकी बहुसंख्य लोक एकतर स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात किंवा 'कोणताही धर्म नाही' असं लिहितात. दुसऱ्या पर्यायातले सगळे नास्तिक आहेत असं समजू नका. आपल्या पूर्वजांची श्रद्धा फॉर्मवरच्या चौकटीत बसत नाही असं वाटणारेही त्यात असतात.

२०२१ च्या जनगणनेतला एक योगायोग मला विसरता येत नाही. ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरचे लोक मिळून ८,१२,७२८ भरले, तर देशातले मुसलमान ८,१३,३९२. दोन्ही समाज लोकसंख्येच्या ३.२ टक्के. एक या भूमीवरचा सगळ्यात जुना, दुसरा बव्हंशी गेल्या पन्नास वर्षांत आलेला. दोन्हींत एकाच वेळी मोडणारी माणसं फार थोडी, आणि हे पान त्यांच्याबद्दल आहे.

त्यांना 'आदिवासी' म्हणायचं का?

मराठीत सोयीचा शब्द तोच आहे, पण तो वापरताना गफलत होते. आदिवासी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोंड, भिल्ल, वारली, कातकरी येतात. ऑस्ट्रेलियात इंग्रज यायच्या आधी अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या, आणि प्रत्येक समाजाला स्वतःचं नाव आहे : योल्ङू, अरेर्न्टे, पिचांचाचारा, बंजालंग. टोरेस सामुद्रधुनीचे बेटवासी तर वेगळेच लोक आहेत. म्हणून मी 'ॲबोरिजिनल लोक' किंवा 'मूळ रहिवासी' म्हणतो, आणि समाजाचं नाव ठाऊक असेल तिथे ते नाव घेतो. 'ॲबोरिजिन' आणि त्याचं तोडकं रूप इथे बोलू नका. तोडकं रूप तर शिवीच आहे.

इस्लाम तिथे पहिल्यांदा कधी पोचला? अरब व्यापारी आले होते का?

अरब नाहीत. आजच्या इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे मकासारचे खलाशी आले. मकासारच्या राजांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इस्लाम स्वीकारला होता. तिथली गलबतं डिसेंबरच्या सुमारास वायव्येच्या मोसमी वाऱ्यावर निघायची, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर काही महिने मुक्काम करायची आणि वारा फिरला की एप्रिलच्या आसपास परतायची. कोकणातल्या माणसाला वाऱ्याचं हे वेळापत्रक वेगळं समजवावं लागत नाही.

यायचं कारण धर्म नव्हता. त्यांना हवी होती समुद्री काकडी, म्हणजे समुद्राच्या तळाशी लोळणारा एक मऊ, लांबोडका प्राणी. तो गोळा करायचा, उकळायचा, धुरावर सुकवायचा आणि चिनी बाजारात विकायचा. चीनमध्ये त्याला पक्वान्न आणि औषध म्हणून मोठा भाव होता. उत्तर किनाऱ्यावरच्या आर्नहेम लँड या भागाला हे खलाशी 'मारेगे' म्हणत. फेब्रुवारी १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी किनाऱ्याची मोजणी करत होता, तेव्हा त्याला अशी सहा गलबतं भेटली. त्यांचा म्होरक्या पोबासू. त्याने सांगितलं की त्या मोसमात एकूण साठ गलबतं आणि हजारभर माणसं या किनाऱ्यावर आहेत. सिडनीत इंग्रजांची वसाहत होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

ही ये-जा सुरू कधी झाली यावर अभ्यासकांत वाद आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ती नियमित होती याला भरपूर पुरावा आहे. आर्नहेम लँडमधल्या जुलिर्री इथल्या खडकावर गलबताचं एक चित्र आहे. त्या चित्रावर मधमाशांच्या मेणाची एक आकृती चिकटवलेली आहे आणि मेणाच्या कालमापनावरून खालचं चित्र १६६४ च्या आधीचं ठरतं. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ते हे साल.

या संबंधाच्या खुणा आज दिसतात का?

दिसतात आणि ऐकूही येतात. उत्तर किनाऱ्यावर ठिकठिकाणी चिंचेची झाडं आहेत. खलाशी जेवणासाठी चिंच घेऊन यायचे, चिंचोके पडायचे आणि झाडं उभी राहायची. पुराणवस्तू शोधणारे लोक मकासारी तळ शोधताना आधी चिंच शोधतात.

त्याहून मला भाषेतल्या खुणा मोलाच्या वाटतात. आर्नहेम लँडच्या योल्ङू लोकांच्या भाषांमध्ये पैशाला 'रुपिया' म्हणतात. संस्कृत 'रूप्य'वरून आलेला आपला रुपया आणि हा शब्द सख्खे भाऊ. गोऱ्या माणसाला योल्ङू 'बालंदा' म्हणतात, आणि हा शब्द आर्नहेम लँडमध्ये आजही रोजच्या बोलण्यात आहे. तो आला 'हॉलंड'पासून, कारण मकासारच्या लोकांना माहीत असलेले गोरे म्हणजे डच. आपल्या जुन्या कागदपत्रांत वेंगुर्ल्याच्या वखारवाल्यांना 'वलंदेज' म्हटलेलं आहे. वलंदेज आणि बालंदा! दोन्ही शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून निघाले, एक कोकणात उतरला आणि दुसरा थेट आर्नहेम लँडला. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी घरात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मग मकासारच्या लोकांनी योल्ङूंना मुसलमान केलं का?

नाही. सामूहिक धर्मांतर झाल्याचा काहीही पुरावा नाही. खलाशी व्यापारी होते, धर्मप्रचारक नव्हते. ते तांदूळ, तंबाखू, कापड, लोखंडी कुऱ्हाडी आणि सुऱ्या आणत, आणि सोबत अरक, म्हणजे दारूही आणत. काही योल्ङू पुरुष त्यांच्याबरोबर मकासारला जाऊन आले, काही तिथेच राहिले. नातीही जुळली.

पण श्रद्धेच्या पातळीवर काहीतरी रुजलं. योल्ङूंच्या काही कुळांच्या विधींमध्ये 'वालिथावालिथा' नावाचा उच्चार आहे. मानववंशशास्त्रज्ञ त्याचा संबंध 'अल्लाह तआला'शी जोडतात. मृत्यूनंतरच्या काही विधींमध्ये गलबताची डोलकाठी आणि निशाणं असतात. गेलेला माणूस वारा फिरल्यावर परत निघालेल्या गलबतासारखा निघून जातो, अशी ती कल्पना. योल्ङूंनी परक्यांकडून जे घेतलं ते आपल्या कुळात, आपल्या गाण्यात, आपल्या जमिनीच्या कथेत बसवून घेतलं. त्याला इस्लाम म्हणता येणार नाही. आणि 'यात इस्लामचं काहीच नाही' असंही म्हणता येणार नाही. 'मग ते मुसलमान की नाहीत?' असं विचारणाऱ्या पाहुण्याला मी एवढंच सांगतो की हा प्रश्न योल्ङूंना कधी पडला नाही.

मकासारी काळ म्हणजे सुवर्णकाळ, असंही कुणी रंगवतात. भांडणं झाली, रक्त सांडलं, याच्याही आठवणी आहेत. पण ते दर वर्षी यायचे आणि परत जायचे, जमीन बळकावून बसले नाहीत. पुढे जे आले त्यांच्याशी तुलना केल्यावर ही आठवण गोड झाली तर नवल नाही.

हा व्यापार थांबला कसा?

सरकारने थांबवला. त्या वेळी उत्तरेचा प्रदेश दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होता. आधी जकात आणि परवाने लादले, मग १९०६ च्या सुमारास परवाने देणंच बंद केलं. शेवटचं गलबत १९०७ मध्ये परतलं. पुढच्या मोसमात योल्ङू किनाऱ्यावर वाट पाहत राहिले असतील, हा विचार मनातून जात नाही. १९८८ मध्ये जुन्या पद्धतीने बांधलेलं 'हाती मारेगे' नावाचं गलबत मकासारहून पुन्हा त्या किनाऱ्याला लागलं. त्या नावाचा अर्थ 'मारेगेचं काळीज'.

'अफगाण उंटवाले' म्हणजे कोण? ते खरंच अफगाणिस्तानचे होते का?

काही होते. पण बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी, असे सगळेच इथे 'अफगाण' ठरले आणि नंतर नुसते 'घान'. ॲडलेडहून डार्विनला जाणाऱ्या रेल्वेगाडीचं 'द घान' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

१८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी भारतातून २४ उंट आणि थोडे उंटवाले आणले गेले. त्यांतला दोस्त महंमद मेनिंडी इथे वारला आणि तिथेच पुरला गेला. त्याच तुकडीतला साम्ला हा हिंदू होता. मोहिमेवर गोमांस खावं लागेल म्हणून त्याने सुरुवातीलाच रजा घेतली. १८६६ मध्ये थॉमस एल्डर यांनी कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि ३१ माणसं पोर्ट ऑगस्टाला उतरवली, आणि तिथून धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला.

आता आपल्याशी असलेला एक धागा. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, तेव्हा कराची बंदरातून निघालेली ही माणसं कागदोपत्री मुंबई सरकारच्या हद्दीतून निघाली. मराठी माणूस त्यांत होता असं मी म्हणत नाही. पण सांडणीस्वार हा शब्द ज्या भाषेत रुळला, तिच्या लोकांना उंटाचं वाळवंटातलं मोल कळायला हरकत नसावी. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत दोन हजारांहून अधिक उंटवाले आले. तारायंत्राच्या खांबांपासून सोन्याच्या खाणींच्या पाण्यापर्यंत सगळं त्यांच्या उंटांच्या पाठीवरून वाळवंटात गेलं.

त्यांचा ॲबोरिजिनल लोकांशी संबंध कसा आला?

गावाच्या नकाशातूनच आला. ॲडलेडच्या उत्तरेला मारी नावाचं गाव आहे. रेल्वेच्या रुळांच्या एका बाजूला गोरे राहायचे. दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि ॲबोरिजिनल लोक. आपल्याकडे गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा नकाशा लगेच कळतो. उंटवाल्यांना बायका आणायची परवानगी बहुधा नसायची. ते एकटे येत, तीन-तीन वर्षांच्या करारावर.

वाळवंटात पाणी कुठे आहे हे ॲबोरिजिनल लोकांना ठाऊक होतं. उंटवाल्यांकडे पीठ, साखर, चहा, कापड असायचं. देवाणघेवाण झाली, मैत्री झाली आणि संसारही झाले. तंटेही झाले, कारण तहानलेल्या उंटांचा तांडा एखाद्या पवित्र पाणवठ्यावर आला की पाणी संपायचं आणि घाण व्हायची. पुढे मोटारी आल्या, उंट मोकळे सोडले गेले, आणि तेच उंट पिचांचाचारासारख्या वाळवंटी समाजांनी प्रवासासाठी पकडून वापरले.

त्या बायका मुसलमान झाल्या का?

एकच उत्तर देता येत नाही. काही घरांत निकाह झाला, बायकोला मुसलमानी नाव मिळालं, मुलांना कलमा शिकवला गेला, डुकराचं मांस आणि दारू घरात आली नाही. काही घरांत बाप तांड्याबरोबर महिनोन्महिने बाहेर आणि मुलं आईच्या लोकांत वाढलेली. ती मुलं आईची भाषा बोलली, आईच्या भूमीच्या कथा शिकली आणि बापाकडून त्यांना मिळालं ते आडनाव. आजही मध्य ऑस्ट्रेलियात खान, महंमद, अकबर, सुलतान अशी आडनावं लावणारी ॲबोरिजिनल कुटुंबं आहेत. त्यांतले बरेच जण चर्चमध्ये जातात, काही कुठेच जात नाहीत. पण आजोबा मांस हलाल करूनच खायचे, ते मेले तेव्हा त्यांना मक्केकडे तोंड करून पुरलं, हे नातवंडांना माहीत असतं.

'धर्मांतर' हा शब्द इथे अपुरा पडतो असं मला वाटतं. एखादी बाई नवऱ्याच्या घरी रमजानचे रोजे धरते आणि माहेरी कुणी वारलं तर तिथल्या सगळ्या विधींना हजर राहते, तिने धर्म बदलला की दोन्ही सांभाळले?

सरकारला या लग्नांचं काय वावडं होतं?

फार मोठं वावडं होतं, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. क्वीन्सलँडने १८९७ मध्ये आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०५ मध्ये ॲबोरिजिनल लोकांच्या 'संरक्षणा'चे कायदे केले. नाव संरक्षणाचं. प्रत्यक्षात माणसाने कुठे राहावं, कुणाकडे काम करावं, पगार कुणाच्या हाती जावा, मुलं कुणाची, हे सगळं सरकारी अधिकारी ठरवू लागला. पश्चिम ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल स्त्रीला बाहेरच्या पुरुषाशी लग्न करायचं तर मुख्य संरक्षकाची लेखी परवानगी लागे. १९१५ ते १९४० या काळात त्या पदावर ए. ओ. नेव्हिल होते. ॲबोरिजिनल लोकांचं रक्त पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या रक्तात मिसळून नाहीसं व्हावं, हे त्यांचं उघड धोरण होतं. त्या योजनेत आशियाई नवरा बसतच नव्हता.

एका उंटवाल्याने आणि त्याच्या ॲबोरिजिनल प्रेयसीने अशी परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. ती दोघं राज्याची सीमा ओलांडून पळाली आणि ॲडलेडला येऊन त्यांनी लग्न केलं. पकडले गेले असते तर तुरुंग ठरलेला होता. त्या जोडप्याची गोष्ट पाहुण्यांना सांगताना आम्ही मशिदीपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर उभे असतो, आणि दरवेळी माझा आवाज बसतो.

त्यात १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने आशियाई लोकांचं येणं अडवलं. देश सोडून गेलेल्या उंटवाल्याला परत यायला सवलतीचा कागद लागायचा. म्हणजे दोन बाजूंनी कोंडी : नवऱ्याला सरकार परका म्हणे आणि बायकोला आपल्या मालकीची समजे.

मग श्रद्धा पुढच्या पिढ्यांत टिकली का नाही?

मुलंच घेऊन गेले तर टिकणार कशी? विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून साधारण १९७० पर्यंत हजारो ॲबोरिजिनल मुलं, विशेषतः मिश्र वंशाची मुलं, आईबापांपासून तोडून मिशन आणि सरकारी वसतिगृहांत नेली गेली. उंटवाल्यांची मुलं 'मिश्र'च होती. मिशनमध्ये नवं नाव, इंग्रजी भाषा आणि ख्रिस्ती प्रार्थना. घरची भाषा बोलली तर मार. या मुलांची पिढी 'चोरलेली पिढी' म्हणून ओळखली जाते आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तिची माफी मागितली.

या पिढीतल्या काही जणांनी उत्तरेच्या प्रदेशातल्या (नॉर्दर्न टेरिटरीतल्या) त्या काळच्या कायद्याविरुद्ध दावा केला होता. राज्यघटनेच्या ११६ व्या कलमानुसार केंद्र सरकार धर्माचरणावर बंदी घालू शकत नाही. त्याचा आधार घेऊन ते म्हणाले की मुलांना उचलून नेल्यामुळे त्यांचं धर्माचरणच तुटलं. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने, जे इथलं सर्वोच्च न्यायालय, तो दावा फेटाळला. कायद्याचा हेतू धर्म रोखण्याचा नव्हता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

उंटवाल्यांशिवाय आणखी कुणी?

ब्रूम आणि थर्सडे आयलंडला मोती आणि शिंपल्यांच्या धंद्यात 'मलय' म्हटले जाणारे पाणबुडे करारावर आणले जात. त्यांतले बरेच मुसलमान. त्यांच्या आणि मूळ रहिवाशांच्या कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत.

आज जे नव्याने मुसलमान होतात, ते कोण आणि का?

बहुतेक शहरांत राहणारे. सगळ्यात गाजलेलं नाव अँथनी मंडीन. वडील टोनी मंडीन बंजालंग समाजाचे आणि नावाजलेले मुष्टियोद्धे. अँथनी आधी रग्बी लीगचा तारा, मग २००० पासून मुष्टियुद्धात. १९९९ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि माल्कम एक्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुसलमान नेत्याच्या आत्मचरित्राचा आपल्यावर परिणाम झाल्याचं तो सांगत आला.

माल्कम एक्स इथे पुन्हा पुन्हा भेटतात. गुलामाच्या मालकाने दिलेलं आडनाव टाकून देणारा माणूस ॲबोरिजिनल तरुणाला परका वाटत नाही, कारण त्याचंही आडनाव अनेकदा गुरांच्या मळ्याच्या मालकाने किंवा मिशनने दिलेलं असतं. गोऱ्यांनी वर्णाच्या नावाने छळलं, मिशनने येशूच्या नावाने मुलं नेली, आणि इथे एक धर्म आहे ज्यात काळा-गोरा एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभा राहतो. ही भावना अनेकांनी बोलून दाखवली आहे.

दुसरं कारण दारूचं. ज्या घरात दारूने माणसं नेलीत, त्या घरातल्या मुलाला 'एक थेंबही नको' असा स्पष्ट नियम आधार वाटतो. दिवसाच्या पाच नमाजांनी दिवसाला आकार येतो, असंही काही जण सांगतात. तिसरं कारण लग्न, जे सगळीकडेच असतं. आणि चौथं, ज्यांचे पणजोबा उंटवाले किंवा मलय होते ते. ही माणसं 'मी धर्म बदलला' असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, मी घरी परत आलो.

कुणी पैसे किंवा आमिष देऊन हे घडवून आणतंय का?

हा प्रश्न भारतातून आलेले लोक हटकून विचारतात, त्यामुळे स्पष्ट लिहितो. आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत देशभर विखुरलेली हजार-बाराशे माणसं, आणि त्यांतही बरीच जन्माने मुसलमान. मोहीम चालली असती तर तिचं हे फळ फारच किरकोळ ठरलं असतं. ज्यांनी आपली कहाणी सांगितली आहे ती एकेकट्याची आहे : एक पुस्तक, एक मित्र, एक लग्न, एक आजोबा. प्रौढ माणसाने डोळे उघडे ठेवून केलेल्या निवडीमागे कुणीतरी हात आहे असं धरून चालणं, म्हणजे त्याला स्वतःची बुद्धी नाही असं म्हणणं. इथल्या 'संरक्षकां'नी नेमकं तेच म्हटलं होतं.

तुरुंगात होणाऱ्या धर्मांतराबद्दल ऐकलं, ते काय?

तुरुंगांत ॲबोरिजिनल लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने भयंकर जास्त आहे, त्यामुळे जे काही तुरुंगात घडतं ते त्यांच्या वाट्याला जास्त येतं. काही जण तिथे इस्लामकडे वळतात हे खरं. त्यावरून कट्टरतेच्या बातम्या होतात. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : इतकी माणसं आत का आहेत?

मुसलमान झाल्यावर मूळ संस्कृती सोडावी लागते का?

यावर त्या समाजातच मतभेद आहेत. काहींना दोन्हींत सारखेपणा दिसतो : वडीलधाऱ्यांचा मान, मुलांची सुंता (वाळवंटातल्या आणि उत्तरेकडच्या अनेक समाजांत ती पूर्वापार आहे), ठरवून होणारी लग्नं, पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या वेगळ्या जागा, हवं तेवढंच घ्यावं आणि नासाडी करू नये ही शिकवण. सगळं निर्माण करणारा एकच, ही कल्पना आमच्याकडे होतीच, असंही काही जण म्हणतात.

अडचणीही खऱ्या आहेत. पूर्वजांनी भूमी घडवली, ते अजून खडकात आणि पाणवठ्यात आहेत, ही श्रद्धा आणि एकेश्वराची कडक व्याख्या एकत्र नांदवणं सोपं नाही. मृत्यूनंतरचे विधी ही तर फारच नाजूक जागा. इस्लाम लवकर दफन करायला सांगतो, तर अनेक ॲबोरिजिनल समाजांत दूरदूरचे नातलग जमेपर्यंत आठवडे जातात. त्या घरांत काय होतं ते प्रत्येक घर आपापलं ठरवतं.

इतर मुसलमान त्यांना आपलं मानतात का?

रांगेत मानतात, ओसरीवर नेहमी नाही. मशिदीत लेबनीज, तुर्की, पाकिस्तानी, बोस्नियन असे गट असतात, प्रत्येकाची भाषा आणि खाणं वेगळं, आणि ॲबोरिजिनल माणूस कुठल्याच गटात बसत नाही. अरबी पेहराव आणि अरबी नाव म्हणजेच इस्लाम, असं सुचवणारेही भेटतात. दुसरीकडून स्वतःचेच नातलग विचारतात, 'तू आता अरब झालास का?' हे दुहेरी एकटेपण अनेकांच्या बोलण्यात येतं.

आपल्याकडच्या १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेशी याची तुलना होईल का?

थोडी होते. अपमान करणाऱ्या व्यवस्थेतून बाहेर पडून माणूस म्हणून ताठ उभं राहणं, ही ओढ दोन्हीकडे आहे, आणि दीक्षाभूमीवर गेलेल्या मराठी माणसाला मंडीनसारख्याचा निर्णय चटकन उमगतो. पण बाबासाहेबांच्या मागे लाखोंचा समाज एका दिवशी, एका मैदानावर, अनेक वर्षांच्या विचारानंतर गेला. इथे तसा नेता नाही, तसा दिवस नाही. आणि इथल्या मूळ रहिवाशांचा झगडा आधी जमिनीचा आहे, धर्माचा नंतर.

यातलं काही प्रत्यक्ष पाहता येईल का?

ॲडलेडची मशीद आजही नमाजासाठी उघडी असते. कपडे साधे ठेवा, बूट बाहेर काढा, शुक्रवारी दुपारची वेळ टाळा. ब्रोकन हिलला पत्र्याची छोटी मशीद आहे, तिचं आता संग्रहालय झालं आहे. तिथे कुराण म्हणून जपलेला एक ग्रंथ पुढे वाचला गेला तेव्हा तो बंगालीतला 'कसासुल अंबिया', म्हणजे पैगंबरांच्या गोष्टींचा संग्रह, निघाला. मारीला मातीच्या मूळ मशिदीची प्रतिकृती आणि उंटवाल्यांनी लावलेले खजूर आहेत. तिथे उन्हाळ्यात जाऊ नका, आणि गाडीत प्यायचं पाणी भरपूर ठेवा.

आर्नहेम लँडला जायचं असेल तर परवाना आधी काढावा लागतो. ती योल्ङूंची आणि त्यांच्या शेजारी समाजांची जमीन आहे आणि कुणी यावं हे तेच ठरवतात. परवाना मिळाला आणि किनाऱ्यावर चिंच दिसली, तर खाली पडलेली एखादी उचलून चाखून बघा. ती अगदी आपल्या चिंचेसारखीच लागते.